गुहागर काय कुठं पळून जातंय?

…आणि वर मलाच विचारताय, रत्नागिरीहून सकाळी निघून संध्याकाळी घरी यायचं तर कुठं कुठं जाता येईल म्हणून! मला? सबंध रत्नागिरीत दुसरं माणूस भेटलं नाही तुम्हाला? बसा. बसा आता, विचारलंत ना, मग ऐकून घ्या. तुम्हाला सांगतो, हा लवू जहाजावर सारंग होता, सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, आणि सिंगापूरहून निघालेलं जहाज बोललेल्या दिवशी रॉटरडॅमच्या धक्क्याला लावून दाखवलंय आम्ही, मध्ये वादळ म्हणू नका, संप म्हणू नका, कप्तानाला पोटशूळ म्हणू नका. आणि त्याच लवूला, रिटायर होऊन, दारात स्वतःची गाडी उभी असताना, बायकोला रत्नागिरीहून गुहागरला नेता आलं नाही. गुहागरला हो. चंद्रावर नाही.

आता गुहागरच का, तर चिमा. चिमा म्हणजे आमच्या सगुणेची लहानपणची मैत्रीण. दोघी एका वाडीतल्या, एका पाणंदीतून शाळेत जायच्या, एकीला ताप आला की दुसरी खोकायची. लग्नं झाली, ही रत्नागिरीत आली, ती गुहागरात पडली. मी बोटीवर, हिच्या पदरात मूल, तिच्या घरी सासू अंथरुणाला, त्यामुळे भेटी म्हणजे कोणाच्या लग्नात नाहीतर कोणाच्या तेराव्याला. तर मे महिन्यात चिमाचा फोन आला. म्हणाली, "सगुणे, मुलगा एकटं राहू देत नाही गो. यंदाची दिवाळी विरारला. घर बंद करून जाते, परत काय येईन असं वाटत नाही. त्याच्या आधी एकदा ये. तुला सुरमईचं कालवण करून घालते, तुला आवडतं तसं." सगुणेने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी लगेच म्हटलं, जाऊया की! सगळे जाऊया! दिवाळी कुठं, मे महिना कुठं… गुहागर काय कुठं पळून जातंय?

हे मी म्हटलं. पहिल्यांदा मीच म्हटलं. त्यानंतर हे वाक्य आमच्या घरात जे शिरलं ते पाहुण्यासारखं ठाणच मांडून बसलं.

आता तुम्ही म्हणाल, त्यात एवढं ठरवायचं काय? गाडीत बसायचं, जायचं, जेवायचं, यायचं. असं वाटतं ना? तुमच्या घरात वार नसणार. आमच्या घरात वार आहेत. म्हणजे मासे न खाण्याचे वार हो. माझा सोमवार. बिस्केच्या उपसागरात जहाज असं हललं होतं, की स्वयंपाक्यापासून कप्तानापर्यंत सगळे आपापल्या देवाला हाका मारत होते, तेव्हा मी शंकराला सोमवार बोललो, तो धरला तो धरला. सगुणेचा गुरुवार, दत्ताचा, आणि वर संकष्टी. आमचा गौरव इंजिनिअरिंगला गणितात अडकला होता, तो सुटला आणि त्याला शनिवार चिकटला, मारुतीचा. सून सानिका घरात आली ती मंगळवार आणि शुक्रवार माहेरून घेऊनच आली. आणि आमच्या आईचा नेम असा होता, की एकाचा वार तो घराचा वार, त्या दिवशी घरात मासा शिरायचा नाही. आई गेली, नेम राहिला. करा हिशेब. राहिलं काय? बुधवार आणि रविवार. आणि चिमा घालणार सुरमईचं कालवण! मग चिमाकडे सोमवारी जाऊन तिला काय सांगायचं, की आम्हाला वरण वाढ? रत्नागिरीचा माणूस गुहागरला जाऊन वरण खाऊन आला, असं कोणाच्या तोंडून ऐकलंय तुम्ही?

तर बुधवारी गौरवचं ऑफिस, सानिकाची शाळा, ती मुलांना शिकवते. म्हणून रविवार. ठरला रविवार. आणि मे महिन्यातला रविवार म्हणजे काय असतो रत्नागिरीत, तुम्हाला सांगायला नको. मुंबईहून माणसं उतरतात. आंब्याला येतात, आणि आंबा खाऊन झाला की आपल्याकडे बघतात, "काय रे लवू, आम्हाला काही दाखवणार की नाही?" दाखवतो की! पहिल्या रविवारी भाचा, त्याला पावस दाखवलं. दुसऱ्या रविवारी साडू, त्यांना रत्नदुर्ग. त्याच्या पुढच्या रविवारी साडूंच्या शेजारचे. साडूंच्या शेजारचे, अहो! त्यांचा माझा संबंध काय? पण त्यांनाही मी आरे-वारेचा समुद्र दाखवला, आणि ते त्याच्याकडे पाठ करून फोटो काढत उभे राहिले. सगुणा घरात त्यांच्यासाठी आमरस काढतेय, आणि मी येता-जाता तिला सांगतोय, जाऊ गो, जाऊ, गुहागर काय कुठं पळून जातंय?

मग पाऊस. पावसात मासेमारी बंद. चिमा बिचारी फोनवर म्हणाली, "सुकटीचं करीन मी, या तुम्ही." पण सुरमई कबूल केलेल्या माणसाला सुकटीवर आणायचं, बरं दिसतं का? मग श्रावण, अख्खा महिना घरात माशाचं नाव काढायचं नाही. मग गणपती, मग पितृपक्ष, पक्षात का कोणाकडे उठून जेवायला जायचं? मग घट बसले. बघता बघता दसऱ्याचं सोनं वाटून झालं आणि सगुणा मला आपट्याची पानं देताना एवढंच म्हणाली, "चिमाने भांडी बांधायला काढलीत."

म्हटलं, बस. येता रविवार. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवसाचा. पाहुणे नाहीत, पाऊस नाही, कोणाचा वार नाही, उपास नाही. मी सगळ्यांना समोर बसवलं, जहाजावर बसवायचो तसं. सांगितलं, सकाळी उजाडता निघायचं, जयगडला फेरीबोटीत गाडी चढवायची, खाडी ओलांडून तवसाळला उतरायचं, जेवायच्या वेळेला चिमाच्या पडवीत. सरळ काम. तर गौरव मोबाइल काढून म्हणतो, "बाबा, पण फेरी कशाला, भातगाव पुलावरून गेलो तर?" सानिका म्हणते, "फेरीनेच जाऊया ना, फेरीत किती छान वाटतं. आणि बाबा, एवढे जातोच आहोत तर गणपतीपुळ्याला नुसतं हात जोडून जाऊ. वाटेवरच आहे." वाटेवरच आहे. बरं, देवाला नाही कसं म्हणायचं? मग गौरव म्हणतो, "मग दीपस्तंभ पण बघू, वाटेवरच आहे." मग सानिका, "आणि हेदवीचा गणपती! तो तर अगदीच वाटेवर!" अहो, वाटेवर तर अख्खी दुनिया आहे! अशी वाट धरली तर रॉटरडॅमसुद्धा वाटेवरच लागेल. सगुणा कोपऱ्यात बसून चिमासाठी फणसपोळ्या बांधत होती. ती म्हणाली, "आधी चिमाकडे जाऊ. येताना देव बघू." बरोबर बोलली की नाही? पण ऐकतंय कोण! येताना काळोख होतो, फोटो चांगले येत नाहीत.

आणि एवढ्यात बाबू आला. बाबू म्हणजे आमचा शेजारी. एकटा जीव. या बाबूला कुठलाच वार नाही. सोमवार नाही, गुरुवार नाही, संकष्टी त्याला चंद्र दिसल्यावर कळते. कुंपणापलीकडून मान काढून म्हणाला, "लवूदादा, गुहागर म्हणे? मी येतो. वाईच पाठी सरकून बसेन, माझा काय त्रास नाय." त्याचा त्रास नाही! अहो, मागच्या सीटवर तो बसला की बाकीच्यांनी श्वास पाळीपाळीने घ्यावा लागतो.

निघालो. उजाडता नाही, उजाडून चांगलं झळझळीत झाल्यावर, कारण बाबूची चप्पल सापडत नव्हती. आरे-वारेला सानिकाने गाडी थांबवली, समुद्र कसला दिसतोय म्हणून. मी आयुष्यभर समुद्र बघितलेला माणूस, मला समुद्राचं काय कौतुक? पण थांबलो. पुळ्याला नुसते हात जोडायचे होते, तिथं रांग ही अशी, देवळाला वळसा घालून पार वाळूत. हात जोडून होईपर्यंत माझे गुडघे सुटे झाले. बाहेर आलो तर बाबूला भूक. मिसळ. मिसळ खाल्ल्यावर त्याला मोदक आठवले. पुढं दीपस्तंभ, त्यात गौरवला कऱ्हाटेश्वराची पाटी दिसली… वाटेवरच आहे! चिमाचे फोन येतायत. पहिला, "निघालात ना?" दुसरा, "भात टाकू काय गो?" तिसरा सगुणेने घेतला आणि नुसतं "हं" म्हणाली. फणसपोळ्यांची पिशवी मांडीवर. सबंध प्रवासात ती पिशवी तिने खाली ठेवली नाही, की डिकीत टाकू दिली नाही.

आणि जयगडच्या जेटीवर आलो. काय सांगू! गाड्याच गाड्या. पुण्याच्या, कोल्हापूरच्या, सगळ्यांचा रविवार, सगळ्यांचं गुहागर. फेरी भरून सुटतेय, पलीकडून भरून येतेय, आणि आमच्या पुढची रांग काही हलत नाही. मी उतरून फेरीवाल्याला विचारायला गेलो. तो बिचारा सरळ माणूस, म्हणाला, "काका, तुम्हाला पलीकडे सोडतो. पण संध्याकाळी पलीकडची रांग याच्यापेक्षा मोठी असते. शेवटच्या फेरीत तुमची गाडी बसेल असं नाही सांगत मी." झालं. गौरवला सोमवारी सकाळी ऑफिसात हजर व्हायचं. म्हटलं, येताना चिपळूणवरून येऊ. तर तो म्हणतो, "बाबा, हायवेचं काम चालू आहे, मला रात्री तिथं गाडी नाही घालायची." सानिकाचं डोकं दुखायला लागलं. बाबू तेवढ्यात जेटीवरच्या कोळणीशी बोलून पापलेट घेऊन आला आणि म्हणाला, "आता हे खराब होईल, दादा. परतलेलं बरं."

सगळे माझ्याकडे बघतायत. सारंग ना मी? सांगा म्हणे. मी सगुणेकडे बघितलं, तर ती जेटीच्या कडेला उभी. समोर खाडी, आणि खाडीपलीकडे तवसाळ. माड दिसतायत, घरांची कौलं दिसतायत, कोणाच्या तरी दोरीवरचे कपडेसुद्धा दिसतायत. अहो, तो गुहागर तालुकाच की! मी जवळ गेलो आणि म्हटलं, "जाऊ गो पुढच्या वेळी. गुहागर काय कुठं…" तर तीच म्हणाली, "नाही हो. पळालं नाही. तिथंच आहे. दिसतंय मला."

खोटं कशाला सांगू, मला फार वाईट वाटलं. परतीच्या वाटेवर गाडीत बोलला तो फक्त बाबू, पापलेट तळावं की कालवण करावं, याबद्दल.

घरी येऊन मी निश्चय केला. रविवार गेला खड्ड्यात, बुधवार! गौरवला म्हटलं, रजा टाक. टाकली. सानिकाची शाळा राहू दे, आपण तिघंच. चिमाला कळवलं, ती म्हणाली, "सुरमई सांगून ठेवते." भातगाव पुलावरून जायचं, वाटेत देव लागला तरी मान खाली घालून पुढं जायचं. बाबूला कळू नये म्हणून मी घरात कुजबुजत बोलत होतो. आणि मंगळवारी संध्याकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभा राहतो तर काय… बुधवारी संकष्टी!

एवढ्या मोठ्या घरात एकानेही कॅलेंडर बघितलं नव्हतं. सगुणेला विचारलं तर ती म्हणाली, "मला माहीत होतं." माहीत होतं तर बोलली का नाहीस? म्हणाली, "बोलले असते तर जाणं रद्द केलं असतं तुम्ही. तुम्ही दोघं मासे खा, मी उपासाचं खाईन. चिमा करील मला काहीतरी." आता तुम्हीच सांगा. जिच्यासाठी चिमा सुरमई आणणार, ती साबुदाणा चिवडत बसणार आणि आम्ही तिच्यासमोर तुकड्या तळून खाणार? शोभतं का हे? मी म्हटलं, छे छे. हे काही बरोबर नाही. रविवारी जाऊ. रविवारी अगदी उजाडता, सरळ पुलावरून. चिमा सोमवारी जातेय ना विरारला? मग रविवार आहे की हातात. चार दिवसांत गुहागर काय कुठं पळून जातंय?

गौरवची रजा फुकट गेली, तो दिवसभर मोबाइल बघत पडून होता. सगुणेने रात्री चंद्र बघून उपास सोडला.

आणि गुरुवारी मी उठलो. थर्मासमध्ये चहा भरून ठेवलेला. पोळ्या करून ठेवलेल्या. सगुणा कुठं दिसेना. म्हटलं दत्ताच्या देवळात गेली असेल, वार तिचा. इतक्यात कुंपणावर बाबू. "लवूदादा, वहिनी सकाळी स्टँडवर दिसल्या. गुहागरच्या एसटीत खिडकीला बसल्या होत्या. मांडीवर पिशवी होती. मला हात केला त्यांनी."

मी फोन लावला. लागला. पाठीमागं भांड्यांचे आवाज, आणि कोणीतरी मोठ्याने हसतंय. मी म्हटलं, "अगो, तू आहेस कुठं?" तर म्हणे, "चिमाकडे." पोचलीसुद्धा! मी म्हटलं, "अगो, पण आज गुरुवार!" म्हणाली, "मग? चिमाकडे वरणभात शिजत नाही होय?" मी म्हटलं, "आणि सुरमई?" तर काय म्हणाली माहीत आहे? "मी चिमाला भेटायला आले हो. सुरमईला नाही."

सहा महिने, अहो सहा महिने एवढा खटाटोप केला आम्ही, पण सुरमईशिवायही तिथं जाता येतं हे माझ्या डोक्यात आलं नाही, गौरवच्या नाही, सानिकाच्या नाही. मी म्हटलं, "मला उठवायचं तरी." तर म्हणाली, "तुम्ही उठला असता तर पुन्हा ठरवायला बसला असता." म्हटलं, "थांब, मी आता गाडी काढून येतो." तर म्हणते, "या की. या सावकाश. गुहागर काय कुठं पळून जातंय?"

आणि पलीकडे त्या दोघी अशा हसल्या म्हणता! शाळेतल्या मुली हसाव्यात तशा. मी फोन धरून उभा. राग यायला हवा होता, पण मला बरंच वाटलं ते हसणं ऐकून. मग राग आला.

तुम्ही म्हणाल, मग गेलात का नाही? गाडी गौरव घेऊन गेला होता ऑफिसला! शुक्रवारी गाडी होती, तर सानिका म्हणाली, बाबा, एकटे एवढ्या लांब चालवू नका. शनिवारी तिच्या माहेरचे आले, दिवाळीआधी एकदा कोकण बघायला. आणि रविवारी, ज्या रविवारी मी उजाडता निघणार होतो, त्या रविवारी मी सानिकाच्या मामांना थिबा राजवाडा दाखवत होतो. मामा विचारतात, "इथून गुहागर किती लांब हो?" मी म्हटलं, मामा, ते मला विचारू नका.

सोमवारी सगुणा आली. एसटीने गेली तशी एसटीने आली. चिमाला मुंबईच्या गाडीत बसवून, तिच्या दाराला कुलूप लावताना कुलपावर हात ठेवून आली. पडवीत बसूनच तेवढं सांगितलंन. रडली असणार तिकडे, डोळ्यांवरून कळत होतं. म्हणाली, "चिमा विचारत होती, भावोजी नाही आले? मी म्हटलं, ते ठरवतायत." मग पिशवीतून डबा काढलान. स्टीलचा, चांगला मोठा, वर फडकं बांधलेलं. झाकण किलकिलं केलंन आणि, तुम्हाला सांगतो, तो वास! सुरमईचं कालवण! चिमाने जायच्या गडबडीत, सगळी भांडी बांधलेली असताना, शेजारणीचं पातेलं मागून आणून खास माझ्यासाठी केलेलं. चिमाची त्या घरातली शेवटची चूल. मी तिथंच पाटावर बसलो. ताट घेतलं. हात धुतले.

"अहो," सगुणा म्हणाली, "आज सोमवार."

बिस्केच्या उपसागरात बुडालो असतो तर बरं झालं असतं. मी म्हटलं, फ्रीजमध्ये ठेव मग. तर म्हणे, सोमवारी घरात मासा शिरत नाही, फ्रीज घरातच आहे. उद्या मंगळवार, सानिकाचा. बुधवारी खा. तोवर बाबूच्या फ्रीजमध्ये ठेवते. मी म्हटलं, बाबूच्या? अगो, बाबूच्या? तर निघालीसुद्धा कुंपणाकडे डबा घेऊन, जाता जाता म्हणते, "ठेवते हो. सुरमई काय आता कुठं पळून जातेय?"

बुधवारी डबा आला. घासून लख्ख केलेला. आणि रिकामा डबा परत देऊ नये ही रीत आहे ना आपल्याकडे, ती पाळलीन हो बाबूने. आत मूठभर साखर होती.